गावाने आपल्या आरोग्य केंद्राचा दर्जा कसा तपासावा

ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "डॉक्टर जाग्यावर नसतात" आणि "औषधं बाहेरून आणायला सांगतात." दोन्ही बऱ्याचदा खरी असतात. पण कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठलं औषध, असं कुणी विचारलं की सभा गप्प होते. मग इतिवृत्तात "आरोग्य सेवा सुधारण्याबाबत चर्चा झाली" एवढी ओळ उरते, आणि त्या ओळीवर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मनात असूनही काही करता येत नाही.

हा लेख त्या ओळीच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे: ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या बाया, निवृत्त शिक्षक, गावाकडे परतलेले चाकरमानी. डॉक्टरी ज्ञान लागत नाही. वही, घड्याळ आणि चिकाटी लागते.

कोकणात एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यायला हवी. गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. आरोग्य केंद्र डांबरी रस्त्याला आणि रुग्ण पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या चढणीच्या, वरच्या टोकाला. मुलं मुंबई-ठाण्याला, घरात दोन म्हातारी माणसं, कधी एकच. मधला साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, पावसात गेला की चार महिने वळसा. केंद्राच्या भिंतींच्या आत सगळं नीट असलं तरी वरच्या वाडीतल्या आजीला सेवा मिळतेच असं नाही. म्हणून इथे दिलेली पद्धत रुग्णाच्या घरापासून निघते आणि घरी परत येते.

पहिली पायरी: माणसं जमवा, डॉक्टरांना धरून

पाच ते सात जण पुरे. नवी समिती काढू नका. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी असतेच, आणि तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत बंधमुक्त, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या, निधीची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती वेगळी. या दोन्ही समित्यांची शेवटची बैठक कधी झाली हे विचारणं हीच तपासणीची सुरुवात. गटात सर्वांत लांबच्या वाडीतली एक बाई आणि नेहमीचं औषध चालू असलेला एक ज्येष्ठ माणूस असलाच पाहिजे. रस्त्यालगत राहणाऱ्यांना केंद्र नेहमीच जवळ वाटतं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. काय मोजणार, का मोजणार, हे लेखी पत्राने सांगा आणि त्यांना सगळ्यात जास्त कसली अडचण वाटते तेही विचारा. जागा रिकामी आहे, एकाच सिस्टरवर दोन उपकेंद्रांचा भार आहे, रात्री वीज जाते, हे तेच सांगू शकतात. अचानक धाड घालून फोटो काढल्याने एक दिवस गाजतो, पण पुढचे सहा महिने कर्मचारी गावाशी मोकळेपणाने बोलत नाहीत.

आशाताईंना मदतनीस म्हणून घ्या, साक्षीदार म्हणून उभं करू नका. त्यांचं काम आणि मोबदला त्याच केंद्राशी बांधलेला असतो. त्यांच्या तोंडून आलेली तक्रार त्यांनाच महागात पडू शकते.

एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही. कुणाचाही केसपेपर गटाने वाचायचा नाही. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात या गोष्टी लहान गावात एका वाक्याने आयुष्य उधळतात. नोंदींतून आकडे कर्मचाऱ्यांनी काढून द्यायचे, गटाच्या वहीत नावं येऊ द्यायची नाहीत.

दुसरी पायरी: एकच विषय धरा

"संपूर्ण केंद्र सुधारायचं" असं ठरवलं की रंगरंगोटी होते. एकच विषय धरा, जो बऱ्याच लोकांना लागतो, ज्यात चुकलं तर नुकसान मोठं होतं, आणि ज्याचा काही भाग तरी गाव-केंद्राच्या हातात आहे. गरोदर बायांची तपासणी, रक्तदाब-मधुमेहाची औषधं, रात्रीचा सर्पदंश, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची काळजी, यांपैकी कोणताही चालेल. पुढे मी मुख्यतः रक्तदाबाचं उदाहरण घेतलं आहे, कारण कोकणातल्या म्हाताऱ्या गावांत त्याच्याइतका घरोघरी पोहोचलेला आजार दुसरा नाही, आणि गोळ्या मध्येच तुटल्या की पक्षाघात सांगून येत नाही.

तिसरी पायरी: "चांगलं" म्हणजे काय, हे आधी वाचून घ्या

आपल्या मनाने अपेक्षा ठरवण्याची गरज नाही. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं २००७ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ती सुधारली गेली. कुठल्या केंद्रात किती कर्मचारी, कोणत्या तपासण्या, कोणती औषधं असावीत हे त्यांत आहे. लोकसंख्येचा जुना निकष असा: सपाट भागात ५,००० माणसांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. आपल्या केंद्राखाली प्रत्यक्षात किती गावं, किती वाड्या आणि किती माणसं येतात हे एकदा मांडून पाहा.

दुसरा आधार म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं, जी २०१३ मध्ये आली. त्यांत आठ विभाग आहेत: सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री व मनुष्यबळ, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग प्रतिबंध, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात, आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के लागतात. तपासनीस माहिती चार मार्गांनी घेतात: डोळ्यांनी पाहून, कर्मचाऱ्यांशी बोलून, नोंदी तपासून, रुग्णांशी बोलून. हा चौपदरी मार्ग तुम्हीही घ्या. एकाच मार्गाने कळलेली गोष्ट दुसऱ्याने पडताळेपर्यंत वहीत पेन्सिलीनेच ठेवा. केंद्राचं स्वतःचं मूल्यांकन झालं असेल तर त्याची प्रत मागा. स्वच्छतेसाठीचं कायाकल्प मूल्यांकन २०१५ पासून होतं, त्याचेही गुण मिळतील.

आणखी एक गोष्ट गावात अजून सर्वांना ठाऊक नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सेवा मोफत आहे. कुणी पैसे घेत असेल तर ती "अडचण" नसते, नियमभंग असतो, आणि तो तारखेसह वेगळा लिहायचा असतो.

चौथी पायरी: रुग्णासोबत चाला

हा सगळ्यात मोलाचा भाग. तो घाईने उरकू नका.

लांबच्या वाडीतला, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेला एखादा रुग्ण निवडा, त्याची परवानगी घ्या आणि त्याच्या पुढच्या फेरीला घरापासून सोबत जा. घरातून निघाल्याची वेळ, रस्त्याला पोहोचल्याची वेळ, एसटी किंवा रिक्षा किती वेळाने मिळाली, भाडं किती, हे सगळं लिहा. केंद्रात केसपेपर, डॉक्टर, औषधाची खिडकी, प्रत्येक ठिकाणची वेळ टिपा. रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं बसू दिलं का? चढ चढून आलेल्या माणसाचा दाब लगेच मोजला तर आकडा फुगलेला येतो. गोळ्या किती दिवसांच्या दिल्या? सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे कुणी बोलून समजावलं का, की पाकिटावर खूण करून हातात ठेवलं? पुढची तारीख सांगितली का? आणि परतीची एसटी चुकली तर त्या माणसाने काय केलं?

दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी अर्धा दिवस आणि रिक्षाचं भाडं घालवावं लागत असेल, तर तिसऱ्या फेरीपासून माणूस येणं थांबवतो. रजिस्टरमध्ये त्याची नोंद "अनियमित रुग्ण" अशी होते. सोबत चालल्याशिवाय हे कारण कुठल्याच कागदावर दिसत नाही.

यानंतर वेळ मोजायला चिठ्ठ्या वाटा. दारात येणाऱ्या प्रत्येकाला कागदाचा तुकडा द्यायचा, त्यावर आल्याची वेळ. डॉक्टरांकडे गेल्याची आणि औषध मिळाल्याची वेळ पुढे लिहायची, जाताना चिठ्ठी परत घ्यायची. तीसेक चिठ्ठ्या पुरतात. सरासरी काढू नका, एखादाच माणूस तीन तास थांबला तरी सरासरी बिघडते. चिठ्ठ्या कमी वेळापासून जास्त वेळापर्यंत ओळीने लावा आणि मधल्या चिठ्ठीवरचा आकडा घ्या. हे आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा आणि साध्या दिवशी एकदा करा.

पाचवी पायरी: नोंदींतून थोडंच, पण नेमकं मोजा

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा, भंडारा आणि वर्ध्यासोबत सिंधुदुर्ग होता. त्याची घडण साधी आहे: सगळीकडे एकच ठरलेली उपचारपद्धत, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांचं काही काम परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांकडे, औषध घराजवळ, आणि प्रत्येक रुग्णाची माहिती. यश कशावरून ठरवतात? नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे, यावरून.

हाच आकडा आपल्या केंद्राकडून मागा. जोडीला दोनच: गेल्या तीन महिन्यांत यातले किती जण एकदाही आले नाहीत, आणि आलेल्यांपैकी किती जणांना पूर्ण महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. तिन्ही आकडे उपकेंद्रनिहाय काढले, तर बहुतेक वेळा दिसतं की न येणारे रुग्ण सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, ते दोन-तीन वाड्यांत दाटलेले आहेत. तिथे काहीतरी अडलेलं आहे.

सहावी पायरी: घरी जाऊन विचारा, आणि प्रश्न नीट विचारा

"सेवा कशी आहे?" असं विचारलंत तर "बरी आहे" हेच उत्तर मिळेल. आपल्याकडे माणूस डॉक्टरांविरुद्ध सहसा बोलत नाही, उद्या त्यांच्याकडेच जायचं असतं. म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. "मागच्या खेपेला गेलात तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा." "गोळ्यो संपल्यो की काय करतास?" उत्तरं अशी मिळतात: शेजारणीच्या गोळ्या घेते, एक दिवसाआड घेते, मुलगा गणपतीला येताना मुंबईहून आणतो. यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे आणि यातली एकही केंद्राच्या नोंदीत नाही.

मुलाखत केंद्राच्या बाकावर घेऊ नका. बायांशी बाईनेच बोलावं. न बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तो आधीच सांगा. आणि जे केंद्रात जाणंच सोडून खासगीकडे वळले, त्यांच्याकडेही जा. ते का गेले हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

पावसाआधीची वेगळी तपासणी

विषय कुठलाही घेतला असला तरी मे महिन्यात एक फेरी या कामासाठी ठेवा, कारण कोकणात पावसाळा केंद्राची खरी परीक्षा घेतो.

सर्पदंशापासून सुरुवात करा. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. कातळावर फुरशांची कमी नाही. हिरव्या चापड्याच्या विषावर मात्र ती उपयोगी पडत नाही, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असायला हवं. सुरुवातीचा डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा असतो, मोठ्या माणसाला आणि मुलाला सारखाच. म्हणजे कपाटात चार कुप्या असतील तर "लस उपलब्ध" असं लिहिलेलं असूनही एका रुग्णापुरतीही ती नाही. कुप्या मोजा, मुदत पाहा. लसीची ॲलर्जी झाली तर लागणारं ॲड्रिनलिन शेजारीच आहे का ते पाहा. रक्त गोठतं का हे बघण्यासाठी ते २० मिनिटं न हलवता ठेवतात, त्यासाठी स्वच्छ, कोरडी, काचेची नळी लागते. प्लास्टिकच्या नळीने निष्कर्ष चुकतो. रात्री दोन वाजता ते कपाट कोण उघडणार, किल्ली कुणाकडे, पुढे पाठवायचं तर १०८ ची गाडी कुठून निघते आणि तोवर कोण सोबत थांबतं, हे विचारून एकदा खोटी तालीम करून पाहा. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय, रत्नागिरीतून घाट चढून कोल्हापूर, ही अंतरं अवघड आहेत. पहिला डोस जवळ मिळणं हाच फरक असतो.

विंचवाबद्दल तर कोकणानेच जगाला शिकवलं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून त्यांची लक्षणं तासातासाने टिपली. १९८२ मध्ये ती निरीक्षणं लॅन्सेटमध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून त्यांनी मृत्यूचं प्रमाण ३०-४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दर्जा सुधारण्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात घडलं. आपल्या केंद्रात प्राझोसिन आहे का, हे त्याच फेरीत बघून घ्या.

बाकी यादी लहान. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन. लसींच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंश, रोज दोनदा नोंदलेलं. जनरेटरमध्ये डिझेल. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हापासून नदीकाठच्या प्रत्येक केंद्राने स्वतःला विचारायला हवं की आपला जनरेटर, फ्रीज आणि औषधसाठा जमिनीपासून किती उंचावर आहे. साकवापलीकडच्या वाड्यांतल्या नेहमीच्या रुग्णांना जूनच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का, हे डॉक्टरांसोबत ठरवा.

एकट्या ज्येष्ठांची काळजी

ही सेवा कुठल्याच एका खात्याची नाही, त्यामुळे तिचा दर्जा कुणी तपासत नाही. वाडीनिहाय यादी करा: कोण एकटं राहतं, कोण अंथरुणाला खिळलेलं, कोणाला विसर पडतो. प्रत्येकाला गेल्या सात दिवसांबद्दल विचारा. जेवण कुणी केलं, एकवेळचं की दोनवेळचं? पडणं झालं का? रात्री लघवीला कुठे जाता, तिथे उजेड आहे का? फोन चालू आहे का, त्यात मुलाचा नंबर कुणी शोधून देतं का? श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे खात्यात आले का, आणि बँकेतून आणून कोण देतं? १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अंथरुणावरच्या माणसासाठी एकच खूण पाहा: पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखम आहे का. दर दोन तासांनी कूस बदलली, चादर कोरडी ठेवली तर बऱ्याच जखमा टळतात. घरात करणारं माणूस कोण आहे आणि त्याला शेवटची सुट्टी कधी मिळाली, हेही विचारा. बहुतेकदा ती सून किंवा स्वतः साठी ओलांडलेली बायको असते, आणि तिची तब्येत कुणी तपासलेली नसते.

गावाजवळ वृद्धाश्रम असेल तर हेच निकष लावा. अंगणातली बाग बघून मत बनवू नका. रात्रपाळीला किती माणसं, दर महिन्याला वजन करतात का, कुणाला बांधून ठेवतात का, गेल्या वर्षी किती जण पडले आणि त्याची नोंद आहे का, हे विचारा. नोंदच नसेल तर तेच उत्तर समजा.

सातवी पायरी: कारणाच्या मुळापर्यंत जा

समजा दिसलं की गोळ्या दहाच दिवसांच्या मिळतात. का? साठा कमी येतो. का? मागणीच कमी गेली. का? मागणी गेल्या तिमाहीच्या वापरावर काढली. आणि गेल्या तिमाहीत वापर कमी का? कारण गोळ्याच संपल्या होत्या. म्हणजे तुटवडाच पुढचा तुटवडा जन्माला घालतो, आणि यात कुणी एक माणूस दोषी नाही.

उपाय असा की मागणी रजिस्टरवरच्या माणसांवरून काढायची. समजा १८० रुग्ण आहेत, रोज एक गोळी, तीन महिने: १८० × ९० म्हणजे १६,२०० गोळ्या. वर एका महिन्याचा राखीव साठा ५,४००. एकूण २१,६००. हा हिशेब औषध निर्माण अधिकाऱ्यांसोबत बसून करा आणि मागणीपत्राला जोडा. दरम्यान पैसे लागलेच तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते का, हे बैठकीत मांडा.

बदल एका उपकेंद्रात आधी करून बघा. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर दाब मोजणं आणि ठरलेल्या गोळ्या तिथेच देणं शक्य आहे. एका वाडीत महिन्याचा एक दिवस ठरवून पाहा. चाललं तर पुढच्या वाडीत.

आठवी पायरी: योग्य दार ठोठवा

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अर्ज चुकीच्या दारी गेला की महिने जातात. खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या सुधारित नियमांनुसार बंधनकारक आहे. ते लावलेलं नसेल तर नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाकडे लिहा.

आधी निष्कर्ष वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा, त्यांचं म्हणणं त्याच कागदावर घ्या. मग रुग्ण कल्याण समिती, मग तालुका. केंद्राच्या हातात असलेलं आणि नसलेलं वेगळं लिहा. रिक्त पदासाठी सिस्टरला जाब विचारण्यात अर्थ नाही, तो ठराव जिल्हा परिषदेकडे जायला हवा. माहिती मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ग्रामसभेत मांडताना आकडे मांडा, नावं नकोत.

हे काम राज्याला नवं नाही. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत तेव्हाचा ठाणे जिल्हा होता, म्हणजे आजचं पालघरही. गावाने गुणपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचं, ही रीत तिथे रुळली. तुमच्या तालुक्यात अशी सुनवाई व्हावी, असा ठराव ग्रामसभा करू शकते.

नववी पायरी: तीन महिन्यांनी तेच मोजा

तेच तीन आकडे, त्याच पद्धतीने. महिन्यामागून महिना एका कागदावर ठिपके मांडा आणि तो कागद केंद्राच्या भिंतीवर लावायची परवानगी घ्या. एखाद्या महिन्याच्या चढ-उताराने निष्कर्ष काढू नका. शिमग्याला आणि गणपतीत येणारे-जाणारे सगळं हलवतात. सहा ठिपके एका दिशेने जाताना दिसले तर बदल खरा समजा. सुधारलं असेल तर ज्या कर्मचाऱ्यांनी ते केलं त्यांचं अभिनंदनाचं पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह वरिष्ठांकडे पाठवा. अशी पत्रं फार क्वचित जातात. सुधारलं नसेल तर पुन्हा त्याच वाडीतल्या रुग्णासोबत चालून बघा, दुसऱ्या ऋतूत.

सगळे कागद एका फाइलमध्ये ग्रामपंचायतीत ठेवा, कुणाच्या घरी नको. वैद्यकीय अधिकारी बदलतात, सरपंच बदलतात. नवे डॉक्टर रुजू झाले की पहिल्या आठवड्यात गटातल्या दोघांनी ती फाइल घेऊन त्यांना भेटावं.